ल सामुराई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी ओळखीच्या लोकांना हा चित्रपट दाखवत आलो आहे, कधी घरच्या भिंतीवर, कधी मित्रांच्या गच्चीत. खेळ संपला की चहाबरोबर बहुतेक तेच तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. शेवटाबद्दल बोलणाऱ्या प्रश्नावर तशी सूचना आहे. बाकीचं पाहण्याआधी वाचायला हरकत नाही.

हा नेमका कोणता चित्रपट?

‘ल सामुराई’, फ्रेंच, ऑक्टोबर १९६७. दिग्दर्शक जाँ-पिएर मेलव्हिल. मुख्य भूमिकेत अलँ दलों, ज्याचं नाव आपल्याकडे बरेच जण ‘अ‍ॅलेन डेलॉन’ असं लिहितात. छायाचित्रण आँरी दकाए यांचं, संगीत फ्राँस्वा द रूबे यांचं. लांबी पावणेदोन तासांच्या आसपास.

गोष्ट काय आहे?

जेफ कॉस्टेलो हा पॅरिसमध्ये एकटा राहणारा भाडोत्री मारेकरी. एका रात्री तो एका नाइटक्लबच्या मालकाला गोळ्या घालतो. निघताना क्लबमधली पियानो वाजवणारी बाई त्याला समोरासमोर पाहते. पोलीस त्याला उचलतात, पण साक्षी जुळत नाहीत म्हणून सोडावं लागतं. ज्यांनी पैसे देऊन काम करवून घेतलं, त्यांना मात्र पोलिसांच्या हाती लागून आलेला माणूस आता नकोसा झालेला असतो. म्हणजे पुढून पोलीस आणि मागून काम देणारे. एवढीच गोष्ट. पोस्टकार्डावर मावेल.

मराठी वर्तमानपत्रांनी आपल्याला ‘सुपारी’ हा शब्द दिला, आणि तो ऐकला की टोळी, भाई, खंडणी, वैर असं सगळं डोळ्यांपुढे येतं. जेफच्या बाबतीत ते बाजूला ठेवा. त्याला टोळी नाही, भाई नाही, मेलेल्या माणसाशी काही वैरही नाही. क्लबचा मालक विचारतो, तू कोण? जेफ म्हणतो, त्याने काही फरक पडत नाही. काय हवंय? तुला मारायचंय. दोघांमधलं संभाषण इथेच संपतं.

नाव ‘सामुराई’, मग जपान कुठे आहे?

कुठेही नाही. तलवार नाही, किमोनो नाही. सुरुवातीला पडद्यावर एक वाक्य येतं. त्याचा आशय असा: सामुराईच्या एकटेपणापेक्षा मोठा एकटेपणा नाही, असलाच तर जंगलातल्या वाघाचा, कदाचित. खाली ‘बुशिदो’ ग्रंथाचं नाव असतं. अनेक जण ते वाक्य वहीत उतरवून घेतात आणि जपानी शहाणपण म्हणून पुढे पाठवतात. पण ते मेलव्हिलने स्वतः रचलेलं आहे, कुठल्या जपानी ग्रंथात ते सापडणार नाही.

मला ही फसवणूक वाटत नाही. त्याला जपान दाखवायचंच नव्हतं. नियम आधी, जीव नंतर अशा रीतीने जगणारा माणूस पॅरिसच्या पावसात कसा दिसेल, हे त्याला पाहायचं होतं.

पहिली दहा मिनिटं कोणी बोलतच नाही. माझ्या प्रतीचा आवाज गेला आहे का?

नाही. हा प्रश्न इतक्या वेळा येतो की मी आता खेळ सुरू करण्यापूर्वीच सांगून टाकतो. मी स्वतः हा चित्रपट पहिल्यांदा पुण्यातल्या एका फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिला. पाचव्या-सहाव्या मिनिटाला मागून कोणीतरी खणखणीत आवाजात ओरडलं, “अहो, आवाज!” आणि सगळ्या माना प्रोजेक्टरकडे वळल्या. त्या क्षणी पडद्यावर पक्षी टिवटिवत होता. आवाज होता, फक्त माणसांचा नव्हता.

काय चाललेलं असतं ते नीट बघा. करड्या भिंतींची खोली, दोन उंच खिडक्या, मधोमध पिंजरा. काही वेळ आपल्याला खोली रिकामीच वाटते. मग उजव्या कोपऱ्यातल्या पलंगावरून धुराची रेघ वर जाते आणि कळतं की तिथे माणूस आडवा पडलेला आहे. बाहेर पावसात गाड्या जातात. अचानक खोलीच जरा हलल्यासारखी होते. कॅमेरा मागे सरकवत भिंग पुढे ओढण्याची युक्ती तोपर्यंत जुनी झाली होती. मेलव्हिलने ती मध्ये मध्ये थांबवत केली, त्यामुळे भिंती श्वास घेतल्यासारख्या मागेपुढे होतात. या माणसाचं डोकं ताळ्यावर नाही हे त्याला पहिल्याच चित्रात सांगायचं होतं. भाडोत्री मारेकऱ्याचं मन मुळातच दुभंगलेलं असतं, असं त्याचं म्हणणं होतं.

मग जेफ उठतो. कोट चढवतो, हॅट घालतो, आरशासमोर हॅटच्या कडेवरून दोन बोटं फिरवतो. खाली रस्त्यावर एक सिट्रोएन डीएस उभी आहे, त्यात शिरतो. खिशातून चाव्यांचा भलामोठा जुडगा काढतो, शेजारच्या सीटवर ठेवतो आणि एकेक चावी लावून बघतो. बघतो म्हणजे हाताने, नजर समोरच्या ओल्या काचेवर. एक लागत नाही, दुसरी लागत नाही. घाई नाही, कपाळावर घाम नाही. एक चावी लागते, गाडी सुरू होते. वाटेत शेजारच्या गाडीतली एक सुंदर बाई त्याच्याकडे पाहते. तोही पाहतो आणि मान सरळ करतो.

गाडी शहराबाहेरच्या एका गॅरेजात जाते. शटर खाली येतं. मेकॅनिक मुकाट्याने नंबरप्लेट बदलतो. जेफ हात पुढे करतो, गाडीची कागदपत्रं हातात येतात. पुन्हा हात पुढे करतो, पिस्तूल येतं. पैसे देतो. शटर वर. दोघांपैकी कोणीही तोंड उघडलेलं नाही.

या दहा मिनिटांत आपल्याला जेफबद्दल जवळजवळ सगळं कळलेलं असतं. हा माणूस कारागिरासारखा काम करतो. सुताराला रंधा मारताना पाहावं तसं त्याला पाहायचं. पुढच्या सगळ्या चित्रपटाची किल्ली इथे आहे: संवादांमागे धावू नका, हात बघा.

चित्रपट रंगीत आहे की कृष्णधवल? आठवताना मला तो काळा-पांढराच आठवतो.

रंगीत आहे, आणि तुमची आठवणही चुकलेली नाही. मेलव्हिलला रंगीत फिल्मवर कृष्णधवल चित्रपट करायचा होता. म्हणून खोली करडी, पक्षी करडा, आकाश करडं, पोलीस ठाणंही राखी-निळसर. जेफच्या कपाटावर सिगारेटची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या आहेत, त्याही डोळ्यांत भरत नाहीत. क्लबमध्ये मात्र चकचकीत स्टील, काच आणि दिवे आहेत. जेफ तिथे आला की परक्या मुलखात आल्यासारखा दिसतो.

एवढे पांढरे हातमोजे का? खुनी तर काळे घालेल.

कारण ते खुन्याचे नाहीतच. फिल्म कापून जोडणारे संकलक निगेटिव्हला बोटांचे ठसे लागू नयेत म्हणून असे पातळ पांढरे मोजे घालत. मेलव्हिल म्हणायचा, माझे सगळे मारेकरी हेच घालतात. ठसे उमटू न देणं ही दोन्ही कामांची गरज! शेवटच्या प्रसंगात हे मोजे फार महत्त्वाचे ठरतात.

हा मेलव्हिल म्हणजे ‘मोबी डिक’वाल्या मेलव्हिलचा कोणी?

नात्याने नाही, प्रेमाने. जन्म पॅरिसचा, १९१७ सालचा, खरं आडनाव ग्रुंबाख. दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताब्याविरुद्धच्या भूमिगत लढ्यात होता. तिथे टोपणनाव लागे, म्हणून आवडत्या अमेरिकन लेखकाचं घेतलं आणि पुढे तेच चालू ठेवलं. ज्यांनी भूमिगत दिवस काढले त्यांना खोटं नाव, बंद खिडकी, जिन्यावरचं पाऊल आणि गप्प राहण्याची किंमत वेगळी समजवावी लागत नाही. जेफच्या खोलीतली शांतता मला तरी तिथून आल्यासारखी वाटते. त्या लढ्यावरचा ‘आर्मी ऑफ शॅडोज’ त्याने दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये केला. हे दोन चित्रपट लागोपाठ पाहिले की भूमिगत कार्यकर्ता आणि मारेकरी किती सारख्या पद्धतीने दार उघडतात ते दिसतं.

मोठ्या कंपन्यांच्या दारात उभं राहायला नको म्हणून त्याने पॅरिसच्या तेराव्या विभागात, रू जेनेर नावाच्या रस्त्यावर, स्वतःचा स्टुडिओ उभारला होता. तो राहायचाही तिथेच. १९७३ मध्ये वयाच्या ५५व्या वर्षी गेला.

दलोंने ही भूमिका घेतली कशी? त्याला तर संवादच नाहीत.

म्हणूनच घेतली. मेलव्हिल त्याच्या घरी पटकथा वाचून दाखवायला गेला. दलों कोपरं गुडघ्यांवर टेकून ऐकत होता. मध्येच त्याने घड्याळ पाहिलं आणि थांबवलं: सात-साडेसात मिनिटं तुम्ही वाचताय आणि अजून एक शब्द कोणी बोललेलं नाही, मला एवढं पुरे, मी करतो. नाव काय ठेवलंय? मेलव्हिल म्हणाला, ल सामुराई. दलों काही न बोलता त्याला आपल्या झोपायच्या खोलीत घेऊन गेला. तिथे चामड्याचा कोच आणि सामुराईची शस्त्रं होती. हा किस्सा मेलव्हिलनेच सांगितलेला आहे.

दलोंचं देखणेपण हा बऱ्याच चित्रपटांत त्याच्या अभिनयातला अडथळा होता, असं माझं मत आहे. लोक चेहराच बघत बसत. इथे मेलव्हिलने तो चेहरा बंद दारासारखा वापरला. आपण वाट बघत राहतो की ते दार किलकिलं होईल. दलों २०२४ च्या ऑगस्टमध्ये ८८ वर्षांचा होऊन गेला. तेव्हा जगभरच्या श्रद्धांजल्यांमध्ये हीच हॅट आणि हाच कोट सगळीकडे दिसत होता.

पिंजऱ्यातला पक्षी कोणता, आणि तो कशासाठी?

बुलफिंच जातीचा, युरोपातला लहान पक्षी. जेफच्या आयुष्यात रोजचा असा हा एकच जीव. बरेच लेख म्हणतात, पिंजरा म्हणजे जेफची अवस्था. असेल. पण पक्ष्याला या गोष्टीत खरं काम आहे, आणि ते जास्त मोलाचं वाटतं.

जेफ बाहेर असताना दोन पोलीस तसाच चाव्यांचा जुडगा घेऊन त्याच्या खोलीत शिरतात आणि आवाज टिपणारं यंत्र बसवून जातात. पक्षी बिथरतो. जेफ परत येतो तेव्हा पिंजऱ्याशी गळालेली पिसं आणि पक्ष्याचा सूर बदललेला. तो उभा राहून ऐकतो. मग खोलीभर शोधतो आणि यंत्र काढून टाकतो. कुत्रा भुंकून सांगतो, इथे पक्ष्याने पिसं टाकून सांगितलं. आपल्याकडे गोठ्यातली गाय अस्वस्थ झाली की घरातला म्हातारा माणूस काठी घेऊन उठतो. त्या जातीचं हे ऐकणं आहे.

आणि एक खरी, वाईट गोष्ट. १९६७ च्या जूनअखेर, चित्रीकरण चालू असतानाच, रू जेनेरवरचा स्टुडिओ आगीत जळाला. सेट दुसरीकडे पुन्हा उभारून चित्रपट पूर्ण करावा लागला. माणसं वाचली. पक्षी मात्र त्या आगीत मेला. हे कळल्यापासून मला ते पिंजऱ्याचे प्रसंग पूर्वीसारखे पाहता येत नाहीत.

ओळखपरेडचा प्रसंग एवढा का वाखाणतात?

कारण त्यात गोळी नाही, मारामारी नाही, आणि तरी हात घामेजतात. जेफने खुनाच्या रात्रीसाठी दोन साक्षी आधीच लावून ठेवलेल्या असतात. एक त्याची प्रेयसी जेन: तो माझ्याकडे होता. पण प्रेयसीच्या शब्दाला पोलीस किती किंमत देणार? म्हणून जेनकडे येणारा दुसरा पुरुष, वीनर नावाचा पैसेवाला, आपल्याला इमारतीतून बाहेर पडताना पाहील अशी वेळ जेफ साधतो. ज्याला आपला राग येणार त्याच्याच तोंडून आपली सुटका. डोकं बघा!

फौजदार (भूमिकेत फ्राँस्वा पेरिए) जेफची हॅट एकाच्या डोक्यावर ठेवतो, कोट दुसऱ्याच्या अंगात घालतो आणि जेफला सगळ्यांमध्ये उभा करतो. वीनर येतो. ओळीवरून नजर फिरवतो. कोट तो, हॅट ती, आणि चेहरा हा. तिन्ही अचूक. त्याच्या प्रामाणिकपणामुळेच मारेकरी सुटतो. पेरिएचा चेहरा त्या वेळी पाहा. त्याला खात्री आहे की माणूस हाच, आणि त्या खात्रीचा काही उपयोग नाही.

मेट्रोतला पाठलाग खऱ्या ठिकाणी टिपला आहे का?

खऱ्या पॅरिस मेट्रोत. तेलेग्राफ, शातले ही स्थानकं आजही आहेत, आणि शातलेचा लांबलचक सरकता पट्टाही यात दिसतो. साध्या कपड्यातले पोलीस, त्यांत बायकाही, फलाटांवर विखुरलेले. ठाण्यात फौजदार भिंतीवरच्या नकाशात पेटणारे दिवे बघतोय. धावपळ फार थोडी आहे. जेफ चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. दादरच्या पुलावर कोणाला चुकवायचा प्रयत्न केला असेल तर कळेल की गर्दीत पळणारा लगेच दिसतो, चालणारा हरवतो.

यातल्या बायका एवढ्या पुसट का?

रास्त तक्रार आहे. जेनची भूमिका नाताली दलोंने केली. ती तेव्हा अलँ दलोंची पत्नी होती आणि हा तिचा पहिलाच चित्रपट. पियानोवाली व्हालेरी म्हणजे कॅथी रोझिए. दोघींना मेलव्हिलने जेफच्या गोष्टीपुरतंच ठेवलं आहे, आणि ते मला खटकतं. जेनचा एक प्रसंग मात्र विसरता येत नाही. फौजदार तिच्या घरी येऊन आधी गोड, मग कडू बोलतो: साक्ष मागे घे, नाहीतर तुझं जगणं मुश्कील करीन. ती घाबरते, पण मागे हटत नाही. साऱ्या चित्रपटात कोणासाठी काही पणाला लावणारी ती पहिली व्यक्ती. त्या बदल्यात तिला काय मिळतं? जेफची थोडा वेळ घट्ट मिठी.

या चित्रपटाला निओ-न्वार म्हणतात, ते काय हो?

१९४० च्या दशकातले अमेरिकन गुन्हेपट युद्धानंतर एकदम फ्रान्समध्ये पोचले आणि तिथल्या समीक्षकांनी त्यांना ‘फिल्म न्वार’, म्हणजे काळा चित्रपट, असं म्हटलं. त्या चित्रपटांची हॅट, पाऊस, रात्र आणि नशिबाची गाठ घेऊन पुढच्या पिढीने जाणूनबुजून जे नवं केलं ते निओ-न्वार. मेलव्हिलला अमेरिका फार प्रिय होती. १९४२ चा ‘धिस गन फॉर हायर’ पाहिलात तर त्यातला मांजर पाळणारा एकटा मारेकरी जेफचा थोरला भाऊ वाटेल.

वास्तववादी आहे का?

मुळीच नाही. १९६७ च्या पॅरिसमध्ये अशी हॅट आणि असा कोट घालून फिरणारा मारेकरी अर्ध्या तासात पकडला गेला असता. एवढा मोठा फौजफाटा एका माणसामागे कुठलं पोलीस खातं लावत नाही. मेलव्हिलला हे माहीत होतं. कीर्तनात बुवा आख्यान लावतात तेव्हा राजाचा खजिना मोजायला कोणी जात नाही, तसं घ्या.

मुलांना दाखवावा का?

हिंसा थोडी आणि क्षणभराची आहे, रक्त जवळजवळ नाही. पण दहा-बारा वर्षांची मुलं कंटाळतील. सोळाच्या पुढे जरूर.

डब केलेला पाहू की सबटायटल्सवर?

सबटायटल्सवरच. एवढे थोडे संवाद असताना डबिंग कशाला? अमेरिकेत १९७२ मध्ये ‘गॉडफादर’ गाजत होता, म्हणून याला इंग्रजीत डब करून ‘द गॉडसन’ या नावाने लावला होता. ना गॉडफादरशी संबंध, ना कुठल्या धर्मपुत्राशी. नाव तरी बरं द्यायचं.

याचा प्रभाव कुठे दिसतो?

हाँगकाँगच्या जॉन वूने ‘द किलर’ (१९८९) करताना मेलव्हिलचं ऋण उघडपणे मानलं. जिम जार्मुशचा ‘घोस्ट डॉग’ (१९९९) तर सरळ याच्याशी बोलतो: तिथेही सामुराईचे नियम पाळणारा एकटा मारेकरी आहे, पक्षी आहेत, पांढरे मोजे आहेत. कमी बोलणारा, कामात चोख, आणि एकदाच चुकणारा मारेकरी पडद्यावर दिसला की जेफची आठवण ठेवा.

शेवटी असं का होतं? (शेवट सांगितला आहे. पाहिला नसेल तर हा प्रश्न सोडा.)

जेफला दुसरं काम मिळतं: पियानोवालीला मारायचं. तो क्लबमध्ये येतो. हॅट काउंटरवर देतो, पण तिचं तिकीट तिथेच ठेवून पुढे जातो. सगळ्यांच्या देखत पांढरे मोजे चढवतो. ती वाजवत असते. तो पिस्तूल काढतो. ती विचारते, का, जेफ? तो म्हणतो, मला पैसे मिळालेत. पोलिसांच्या गोळ्या सुटतात. नंतर फौजदार त्याचं पिस्तूल उघडतो, तर आत एकही गोळी नाही.

म्हणजे ही आत्महत्याच. पण का? लोक म्हणतात, तो तिच्या प्रेमात पडला. मला तसं वाटत नाही. त्याने पैसे घेतलेले होते, म्हणजे यायलाच हवं होतं. पोलिसांसमोर ‘हा तो नव्हे’ म्हणून तिने त्याला वाचवलं होतं, म्हणजे तिला मारता येत नव्हतं. पाळायचे दोन नियम एकमेकांच्या आड आले आणि दोन्ही पाळण्याची एकच वाट उरली. गोळ्या त्याने काढल्या, पण मोजे चढवले. काम अर्धवट करायची त्याला सवय नव्हती.

दुसऱ्यांदा पाहताना काय बघू?

गॅरेजवाला. पहिल्या खेपेला दोघं एक शब्द बोलत नाहीत, हे वर सांगितलं. पुढे जेफ आणखी एक डीएस चोरून पुन्हा त्याच्याकडे येतो. तेच शटर, तीच नंबरप्लेट, तोच पुढे केलेला हात. या वेळी मेकॅनिक बोलतो: जेफ, सांगून ठेवतो, ही शेवटची वेळ. जेफ म्हणतो, ठीक आहे. पहिल्यांदा पाहताना वाटतं की मेकॅनिक घाबरला आहे. दुसऱ्यांदा पाहताना जेफच्या ‘ठीक आहे’कडे कान द्या.